लाकडात मुरलेला वास

मिस्त्रीने दारू सोडली त्याला चार वर्षं होत आली होती. सोडली कशी, हे तो हसत सांगायचा, पण घडलं तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. लाकडाला पॉलिश करायचा त्याचा धंदा. एका गिऱ्हाइकाच्या घरी जेवणाच्या टेबलावर शेवटचा हात मारून झाला आणि हा पठ्ठ्या, आधीच टाकून आलेला, त्याच ओल्या टेबलावर गाल टेकून झोपला. सकाळी उठायला गेला तर गाल सुटेना. गिऱ्हाइकाने त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. ती आली. ना ओरडली, ना रडली. नवऱ्याचं काम इतकी वर्षं पाहिलेलं, त्यामुळे त्याच्याच डब्यातल्या स्पिरिटमध्ये फडकं भिजवून तिने त्याचा गाल टेबलावरून हळूहळू सोडवला. टेबलावर गालाचा ठसा राहिला, दाढीच्या खुंटांसकट. तो घासून काढताना मिस्त्रीला पहिल्यांदा स्वतःची किळस आली, आणि तेव्हापासून त्याने थेंबाला तोंड लावलं नाही.

सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. बायको चारचौघांत ‘हे’ म्हणे आणि घरात ‘अहो’. सासरे मात्र ‘जावईबापू’ म्हणत, आणि त्यात मान किती नि टोमणा किती हे ज्याचं त्याने ओळखावं. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडेच राहत होते. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला, त्यामुळे खुर्चीत बसले तरी उजवा पाय जरा पुढे टाकून बसायचे, ब्रेकवर ठेवल्यासारखा.

रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं जमत. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि एकेक जण आपलं सांगे. मिस्त्री तिथला मानाचा गडी. नवं कुणी आलं की त्याला उभं करायचं ठरलेलंच. तोही उभा राहून सांगायचा की आता तर आठवणसुद्धा येत नाही. किडका दात उपटून टाकावा तशी मुळापासून गेली. हे अगदीच खोटं होतं असं नाही. सुरुवातीला तलफेने त्याचा जीव काढला होता, मग ती कमी होत गेली, आणि पुढे पुढे ती आली की तो इतक्या घाईने तोंड फिरवायचा की आपल्याला ती दिसलीच नाही असं त्याला स्वतःलाही वाटायचं.

एका रविवारी तिथे एक बाई नव्याने आली होती. बेकरीत काम करायची. भट्टीतल्या गरम पत्र्यांचे चटके तिच्या दोन्ही मनगटांवर उमटलेले. मिस्त्रीचं बोलणं तिने मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी विचारलं, “खरंच कधीच येत नाही?”

“नाव काढू नका, ताई. मेली ती माझ्यासाठी,” मिस्त्री म्हणाला.

वर्ग हसला, टाळ्या पडल्या. बेकरीवाली हसली नाही. पुढच्या रविवारी ती आली नाही आणि त्याच्या पुढच्याही आली नाही. तिचा निश्चयच कच्चा असणार, असं मिस्त्रीच्या मनात आलं आणि तो तिला विसरून गेला.

त्यानंतर काही दिवसांनी त्याला एका जुन्या क्लबचं काम आलं. क्लबची डागडुजी चालली होती, रंगवाले काम आटपून गेले होते, आणि बारचा लांबलचक सागवानी काउंटर नव्याने पॉलिश करायचा होता. त्याने जेवताना घरी सांगितलं. बायकोचा घास हातातच राहिला. गावात एवढी कपाटं पडली आहेत पॉलिशवाचून, नेमकं हेच का घ्यायचं, असं तिचं म्हणणं. मिस्त्रीने हात झटकला. म्हणाला, मी आता पालथा घडा, वरून कितीही ओता, आत थेंब जायचा नाही.

“पालथ्या घड्याची म्हण शहाण्याला लावत नाहीत, जावईबापू,” सासरे भाताकडे बघत म्हणाले.

काम मात्र बघण्यासारखं होतं. काउंटरच्या दर्शनी बाजूला वेलबुट्टीच्या कोरीव फळ्या, वर रुंद फळी, आणि पिणाऱ्यांनी कोपरं टेकायला कडेने एक गोलाई दिलेली पट्टी. वरची फळी ओल्या ग्लासांच्या पांढऱ्या गोल डागांनी भरून गेली होती. कित्येक ठिकाणी पॉलिश पार उठलेलं. क्लबचा बारवाला रोज कुलूप उघडून द्यायला यायचा आणि कोपऱ्यात बसून ग्लास पुसायचा. सडपातळ, हळू बोलणारा माणूस. त्याला मिस्त्रीने समजावून सांगितलं की पॉलिशमधली लाख दारूत विरघळते, तेव्हा इथे सांडलेला प्रत्येक पेला थोडं थोडं पॉलिश खात गेला आहे. वरच्या फळीला आता दारूने न विरघळणारं लॅकरच मारायला हवं. कोरीव कामाला मात्र लाखेचाच हात. बारवाला म्हणाला, माणसांचंही तेच होतं, फक्त त्यांना दुसरा हात मारता येत नाही. मिस्त्रीला ते आवडलं. त्याच्या मनात आलं, मला तर मारता आला की.

जुनं पॉलिश खरवडण्यात सुरुवातीचे दिवस छान गेले. स्पिरिटचा डबा दिवसभर उघडा असायचा, पण तो वास त्याला कधीच बाधला नव्हता. तो कामाचा वास होता, डोळ्यांना झोंबणारा, विषारी. त्यात आणि दारूच्या वासात त्याच्या लेखी जमीन-अस्मानाचं अंतर. मागच्या फडताळात बाटल्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाठ करून तो शीळ घालत काम करायचा.

मग त्याने कोपरं टेकायची पट्टी उचकटली. तिच्याखाली बोटभर रुंदीची खाच होती आणि वर्षानुवर्षं सांडलेलं सगळं त्या खाचेत झिरपून त्याचा काळा चिकट थर झाला होता. पटाशीने त्याने तो खरवडून काढला, तोंडाला फडकं बांधलं आणि खाचेवरून घासायचं मशीन फिरवायला घेतलं. मशीनखाली लाकूड तापलं आणि त्या तापलेल्या लाकडातून वास वर आला.

रमचा वास होता. जळकट, गोडसर, थेट नाकात न जाता आधी डोक्यात जाणारा. मिस्त्रीच्या कानांमागे शिरशिरी आली, तोंडाला पाणी सुटलं, आणि पहिला घोट घशाखाली उतरताना छातीत जी ऊब पसरते ती न पिताच पसरली. त्याने मशीन बंद केलं. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवेपर्यंत तो मागे वळलेला होता. फडताळातल्या तिसऱ्या, रमच्या बाटलीवर त्याची नजर बरोबर जाऊन थांबली.

मग तो तलफेशी भांडायला लागला. डोळे घट्ट मिटले. तोंडावर पाणी मारून आला. रविवारी वर्गात सगळे मिळून म्हणायचे त्या ओळी ओठांतल्या ओठांत म्हटल्या. टेबलाला चिकटलेला गाल आठवला, बायकोचा त्या दिवशीचा चेहरा आठवला, पुन्हा जाऊन पाणी मारलं. पण ‘नको, नको’ म्हणता म्हणता डोक्यात दुसरं काही उरलंच नाही. पाण्यात बुडवलेला चेंडू हातातून निसटून दुप्पट जोराने वर यावा, तशी ती प्रत्येक वेळी वर येत होती. तलफेपेक्षा वाईट म्हणजे तिच्या पाठोपाठ आलेला विचार: चारचौघांत जिला मेली म्हणून सांगितलं, ती इतके दिवस आपल्याच घरात बसून होती. मग सोडलं काय आपण? इतक्या टाळ्या घेतल्या, त्या कशाच्या?

डोकं दुखतंय, असं बारवाल्याला सांगून तो निघाला. हत्यारं तशीच टाकली. आजवर त्याने कधी हत्यारं टाकली नव्हती.

त्याची बायको घरीच कपड्यांच्या दुरुस्तीची कामं करायची, पँट आखूड कर, बाह्या सैल कर, अशी. भरदुपारी दार वाजलं तसं तिचं शिलाई मशीन थांबलं. डोकं दुखतंय, एवढंच त्याने तिलाही सांगितलं, शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला. थोड्या वेळाने पाऊल वाजलं म्हणून त्याने मान वळवून अर्धवट डोळे उघडले. बायको खुंटीशी उभी होती. तिने शर्टाची कॉलर नाकाशी धरली होती. पूर्वी ती रोज हे करायची.

शर्टाला वास होताच. लाकडाची तापलेली धूळ बाह्यांवर, छातीवर बसली होती, आणि त्या धुळीत रम होती. बायकोने शर्ट खाली घेतला आणि बादलीत भिजत घातला. मिस्त्रीने सगळं पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. सांगणार काय? प्यायलो नाही म्हणावं तर वास येतोय. वास लाकडाचा म्हणावं तर पूर्वी याहून सुरस कारणं त्याने दिली होती. रात्री जेवताना बायकोने त्याचं ताट वाढून पुढे सरकवलं. सासऱ्यांनी मीठ मागितलं, तेवढाच आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेला नाही. गॅलरीत सासरे मटार सोलत बसले होते. त्यांनी पायाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं आणि अर्ध्या शेंगा त्याच्यासमोर ओतल्या.

“लेक म्हणते, शर्टाला वास होता,” सासरे म्हणाले.

“प्यायलो नाही मी.”

“ते मला ठाऊक आहे. प्यायलात की तुम्ही गाता. काल काही गायला नाहीत.”

मिस्त्रीला हसू आलं नाही. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं त्याने मटारच्या शेंगांकडे बघत सांगून टाकलं. खाच, मशीन, वास, तिसरी बाटली. आणि शेवटी जे सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटत होती ते.

“मला हवी होती, बाबा. इतकी हवी होती की हत्यारं टाकून पळालो. चार वर्षांनी अजून हवीशी वाटते, तर सोडली कुठे मी?”

सासऱ्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. मग ते सिगारेटबद्दल बोलले. मिस्त्रीला माहीतच नव्हतं की ते कधी ओढायचे. लेक लहान होती, सारखी खोकायची, तेव्हा त्यांनी पाकीट बसच्या खिडकीतून बाहेर टाकलं आणि पुन्हा घेतलं नाही. पण बस शेवटच्या थांब्याला लागली, इंजिन बंद झालं की दर वेळी आठवायची. निवृत्त झाले, बस गेली, तरी आठवण आहेच. अजूनही जेवण झालं की दोन बोटं आपोआप जवळ येतात. त्यांनी बोटं जवळ आणून दाखवली, मटाराच्या सालींनी हिरवी झालेली.

“कधी बोलला नाहीत,” मिस्त्री म्हणाला.

“बोलायचं काय त्यात? येते, बसते, कंटाळली की जाते. ती काही जावई नाही, आली म्हणून पुढे पुढे करायला.”

आता मात्र मिस्त्री हसला. सासरेही गालात हसले, पण पुढचं बोलताना त्यांचा आवाज वेगळा होता. पहिली काही वर्षं मीही तिला हाकलायला जायचो, म्हणाले, आणि जितकं हाकलावं तितकी ती ठाण मांडून बसायची. शेवटी हाकलायचं सोडलं.

“मी सिगारेट ओढायची सोडली, जावईबापू. आवडायची सोडली, असं कुठे म्हटलं? आवडणं आपल्या हातात नाही. उचलून तोंडात धरणं आहे. तुम्ही काल उचललीत?”

“नाही.”

“मग जा, आणि हे लेकीला सांगा. काल तो शर्ट तिने तीनदा धुतलाय.”

बायको शिलाई मशीनवर वाकून बसली होती. मिस्त्री तिच्यासमोर जमिनीवरच बसला, कारण खुर्चीवर दुरुस्तीचे कपडे होते आणि ते उचलण्याइतका धीर त्याला नव्हता. त्याने सांगितलं की वास रमचाच होता, पण लाकडातून आलेला. आपण प्यायलो नाही. प्यावीशी मात्र वाटली.

“किती?” तिने विचारलं.

“खूप.”

तिने सुईखालचं कापड सोडवलं, दोरा तोडला. मग म्हणाली की त्याला आठवणसुद्धा येत नाही असं तो लोकांना सांगायचा, तेव्हा सगळे टाळ्या वाजवायचे आणि तिला मात्र भीती वाटायची.

“जी येतच नाही म्हणता, ती एक दिवस आली तर हे काय करतील, हीच भीती होती मला. येते म्हणालात तर निदान कळतं तरी, तुम्ही कुठे उभे आहात.” तिने डोळे पुसले नाहीत, पण ते भरले होते. “सांगत जा. मी काही करणार नाही. नुसतं सांगत जा.”

मिस्त्रीने मान हलवली. थोड्या वेळाने तिने विचारलं, जेवून जाणार की तसेच निघणार, आणि तेव्हा त्याला कळलं की तिने त्याला कामावर जायला सांगितलं आहे.

क्लबमध्ये गेल्यावर त्याने पहिलं काम केलं ते बारवाल्याला खरं सांगण्याचं. मी पूर्वीचा पिणारा आहे, काल डोकं दुखत नव्हतं, आणि एवढं करा की फडताळातल्या बाटल्या काम होईपर्यंत कुठेतरी कुलपात घाला. सासऱ्यांचं त्याला पटलं होतं, पण तलफ येऊ द्यायची म्हणजे बाटलीशेजारी बसून तिची वाट बघायची असं नव्हे, एवढी अक्कल त्याच्यापाशी होती. बारवाला लगेच उठला. बाटल्या खोक्यांत भरून मागच्या कोठारात ठेवल्या आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. परतताना मात्र कबूल केलं की दारूच्या वासाने आपल्याला स्वतःला मळमळतं. इतकी वर्षं नाक मुठीत धरून नोकरी केली आहे. “चांगली जोडी जमली आपली,” मिस्त्री म्हणाला.

खाच अर्धी राहिली होती. त्याने तोंडाला फडकं बांधलं, मशीन लावलं. लाकूड तापलं, वास आला, आणि वासाबरोबर तीही आली. कानांमागे तीच शिरशिरी, तोंडाला तेच पाणी. मिस्त्रीचा हात सवयीने बंद करायच्या बटणाकडे गेला आणि थांबला.

“आली,” तो म्हणाला.

“कोण?” बारवाल्याने कोपऱ्यातून विचारलं.

“जुनी ओळख.”

त्याने मशीन चालू ठेवलं. या खेपेला तो तिच्याशी भांडला नाही आणि तिला खोटंही पाडलं नाही. हवी आहे, हे खरं. घेणार नाही, हेही खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्याने ऐकलं नव्हतं. छातीतली ऊब वाढत गेली, इतकी की आता पुढे काय, अशी एकदा धाकधूक झाली. त्याने थुंकी गिळली, पाय जरा रुंद करून उभा राहिला आणि खाचेच्या कडेने मशीन सरळ नेत राहिला. सुख नव्हतं त्यात. अंगात बारीक ताप असताना काम करावं, तसं होतं. पण कामात चूक होत नव्हती, हात आपला होता. खाच संपली, पट्टीची गोलाई घासायला घेतली, एका गाठीपाशी लाकडाच्या रेषा उलट्या फिरल्या होत्या तिथे हलका हात लावावा लागला, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की ती निघून गेली आहे. कधी गेली ते कळलंही नव्हतं.

डबा खाल्ल्यावर ती परत आली. दुसऱ्या दिवशीही आली. कधी वासाने, कधी वासाशिवाय. एकदा तर रस्ता ओलांडताना, काही कारण नसताना. संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की तो बायकोला सांगायचा, आज दोनदा, किंवा आज एकदाच पण फार वेळ. ती हातातलं काम न थांबवता ‘बरं’ म्हणायची. पहिल्या दिवशी तिचा ‘बरं’ जरा कापरा होता. आठवडाभरात तो आज भाजी काय आणली याला म्हणायच्या ‘बरं’सारखा झाला.

रविवारी वर्गात एक नवा माणूस आला होता, म्हणून रिवाजाप्रमाणे मिस्त्रीला उभं केलं. तो उभा राहिला आणि म्हणाला की आजवर मी तुम्हाला जे सांगत आलो ते पूर्ण खरं नव्हतं. खाचेपासून सगळं सांगितलं. मला हवीशी वाटते, बहुधा वाटत राहील, आणि तरी मी घेणार नाही, असं म्हणून खाली बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मागच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ, इथले दहा वर्षांहून जुने, एरवी फक्त हजेरीपुरते बोलणारे, खाकरले आणि म्हणाले, “मलाही येते. लग्नाकार्यात फार.” मग आणखी एक जण बोलला, मग आणखी एक. त्या सकाळी वर्ग उशिरापर्यंत चालला आणि लोक एकमेकांच्या तलफांचे किस्से सांगून इतके हसले की शाळेचा पहारेकरी डोकावून गेला.

मिस्त्रीचं लक्ष मात्र खिडकीजवळच्या रिकाम्या बाकाकडे होतं. बेकरीवालीने विचारलेला प्रश्न आणि त्यावरचं आपलं ऐटबाज उत्तर त्याला आता कुसळासारखं टोचत होतं. वर्ग संपल्यावर तो चौकशी करत तिच्या बेकरीवर गेला. भट्टी विझली होती. ती मागच्या अंगणात लोखंडी पत्रे घासत होती. त्याला पाहून ती ताठ झाली. त्याने आढेवेढे न घेता सांगितलं, ताई, मी त्या दिवशी चुकीचं बोललो. मलाही येते. परवा तर चक्क लाकडातून आली.

ती पत्रा घासायची थांबली. मग बोलली ती त्याच्याकडे न बघता. त्या दिवशी त्याचं ऐकून तिला वाटलं होतं की खोट आपल्यातच आहे.

“मला तर रोज येते. तुमची मेली आणि माझी मरत नाही, म्हणजे माझ्याच्याने हे व्हायचं नाही. मग म्हटलं, कशाला उगाच जीव जाळा? त्या संध्याकाळी घेतली.”

मिस्त्री तिच्यासमोर उकिडवा बसला. ती पुढे म्हणाली की दुसऱ्या दिवशी परत सोडली, आतापर्यंत घेतलेली नाही, पण रोज येते म्हटल्यावर रविवारी कुठल्या तोंडाने यायचं. मिस्त्री म्हणाला, याच तोंडाने या. रोज येणाऱ्या तलफेसकट सोडता येते, असं आता आम्ही सगळेच म्हणतोय. वर त्याने त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा लग्नाचा किस्सा तिला सांगितला. तो ऐकून ती हसली, चटके बसलेल्या मनगटाने तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि नक्की येते असं काही कबूल केलं नाही. पण निघताना त्याच्या हातात पावाची पिशवी ठेवली, आणि पुढच्या रविवारी, जरा उशिराने, ती खिडकीजवळ येऊन बसली.

काउंटर पुरा झाला तेव्हा क्लबचे सेक्रेटरी मुद्दाम बघायला आले. कोरीव वेली उजळल्या होत्या, आणि वरच्या फळीत छतावरचे दिवे उलटे दिसत होते. सेक्रेटरी भले गृहस्थ, खूश झाले आणि म्हणाले, या काउंटरवरचा पहिला पेला मिस्त्रींचा. बारवाला चपापून पुढे झाला. मिस्त्रीने त्याला हातानेच थांबवलं.

“हवी तर फार आहे, साहेब,” तो म्हणाला. “पण मी घेत नाही.”

सेक्रेटरींना हे जरा चमत्कारिक वाटलं. नको असेल तर माणूस नको म्हणतो, हवी असेल तर घेतो. पण मिस्त्री इतका मोकळा हसत होता की त्यांनी आग्रह केला नाही. बारवाल्याने उंच ग्लासात बर्फ घातलेला लिंबूसोडा आणला, खाली न विसरता जाड कागदाची चकती ठेवली, आणि मिस्त्रीने आपल्याच पॉलिशवर कोपर टेकून तो चवीने प्यायला.

घरी आल्यावर काम संपल्याची बातमी त्याने दिली. बायको म्हणाली, छान झालं, आता जरा आपल्या टेबलाकडे बघा. खरंच होतं ते. गावभरची टेबलं चकचकीत करणाऱ्या माणसाच्या घरातलं जेवणाचं टेबल बोडकं होतं, एका पायाने लंगडं, आणि त्याची कड बाहीला लागली तर धागा निघायचा. मिस्त्रीने दुसऱ्याच दिवशी ते खोलीच्या मधोमध ओढून घासायला घेतलं. घरभर धूळ झाली. सासऱ्यांना ताट मांडीवर घेऊन जेवावं लागलं, आणि आमच्या बसमध्ये उभ्याने जाणाऱ्यांचे याहून कमी हाल व्हायचे, असं त्यांनी दोन्ही वेळा ऐकवलं.

संध्याकाळी पहिला हात द्यायला मिस्त्रीने कापसाचा बोळा पॉलिशमध्ये भिजवला. बायको पलीकडून टेबल धरून उभी होती, कारण लंगडा पाय अजून व्हायचा होता.

“आली,” तो सहज म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. “इकडे कोपऱ्यात थोडं राहिलंय बघा.”

त्याने वाकून पाहिलं. राहिलं होतं खरं. तो तिच्या बाजूला आला आणि त्या कोपऱ्यावरून बोळा गोल गोल फिरवायला लागला. सासरे ताट घेऊन दारात उभे राहिले आणि हे वाळायला किती दिवस लागणार, ते विचारू लागले.